पोरं त्या पडद्यात शोधतात तरी काय?

सध्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. पोरगा जेवताना मान वर करत नाही. पोरगी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत अंथरुणात मोबाइल घेऊन पडलेली असते, हाक मारली तर नुसते 'हूं' म्हणते. बापाने दिवसभर राबून आणलेल्या पैशातून रिचार्ज होते आणि पोरे अनोळखी लोकांचे नाचगाणे बघत बसतात. तक्रारीच्या शेवटी ठरलेला प्रश्न येतो, 'एवढं आहे तरी काय त्यात?' हा प्रश्न फक्त न शिकलेली माणसेच विचारतात असे नाही. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी विचारतात, शाळेचे मुख्याध्यापक विचारतात आणि चळवळीत तीस-तीस वर्षे घालवलेले कार्यकर्तेही विचारतात.

प्रश्न रास्त आहे. अडचण अशी आहे की तो उत्तरासाठी विचारलाच जात नाही. विचारणाऱ्याचा निकाल आधीच लागलेला असतो. पिढी बिघडली, वाचन संपले, चळवळ बुडाली, असा तो निकाल. पोरांनाही ते कळते आणि ती उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. एका घरात राहून दोन पिढ्या एकमेकींकडे पाठ करून बसतात. याचा फायदा कुणाला होतो, हे या लेखाच्या ओघात दिसेलच. पण आधी त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधले पाहिजे.

मोठ्यांचे हे कोडे आजचे नाही. त्याला वीस वर्षे झाली. जानेवारी २००४ मध्ये गूगलने ऑर्कुट नावाचे संकेतस्थळ सुरू केले. अमेरिकेत त्याचा फारसा बोलबाला झाला नाही, पण ब्राझील आणि भारत या दोन देशांनी ते डोक्यावर घेतले. त्या काळी घरात संगणक असणारे थोडे. कॉलेजची पोरे सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये मोजून बसत, मित्राच्या 'स्क्रॅपबुका'त दोन ओळी लिहीत, आपल्या आवडीच्या 'कम्युनिटी'त नाव नोंदवत आणि निघून येत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, ज्या मित्राला आता कॉलेजात भेटून आला त्यालाच पैसे देऊन पुन्हा 'काय चाललंय' असे लिहायचे, हा कसला उद्योग?

न कळणाऱ्या गोष्टीची माणसाला आधी भीती वाटते आणि मग राग येतो. २००६-०७ च्या सुमारास ऑर्कुटवरील मजकुरावरून पुणे-मुंबई भागात सायबर कॅफेंची तोडफोड झाली. कुणीतरी कुठेतरी बसून लिहिले आणि दगड पडले ते कॅफे चालवून पोट भरणाऱ्याच्या काचेवर. २००७ मध्ये तर छत्रपती शिवाजी महाराजांच्या बदनामीच्या एका प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूहून एका तरुणाला उचलून आणले. त्याने सुमारे पन्नास दिवस कोठडीत काढले. नंतर उघड झाले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने पत्ताच चुकीचा दिला होता आणि त्या तरुणाचा प्रकरणाशी काही संबंध नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न एकीने फेसबुकवर लिहिला आणि दुसरीने त्याला 'लाईक' केले, एवढाच त्यांचा गुन्हा! ज्या कलमाखाली अशा अटका होत होत्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. म्हणजे मोठ्यांना हे माध्यम कळत नाही ही घरातल्या घरात हसून सोडून देण्याची बाब नाही. न कळणाऱ्याच्या हातात सत्ता असली की न कळण्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.

ऑर्कुट गेले, फेसबुक आले, मग व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि जे सायबर कॅफेत होते ते उशाखाली आले. पुढे २०२० ची टाळेबंदी आली. जी शाळा मोबाइल आणला म्हणून पालकांना बोलावून घेत होती, तिनेच निरोप पाठवला की मुलाला मोबाइल घेऊन द्या, नाहीतर वर्ग बुडेल. कित्येक आईबापांनी कर्ज काढून, दागिना मोडून मोबाइल घेतला. आज तेच आईबाप विचारतात, हे व्यसन लागले कुठून? पोरांनी ते चोरून आणलेले नाही. आपणच त्यांच्या हातात दिले आणि त्यावर काय असते हे बघायला मात्र आपण थांबलो नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यात आहे तरी काय?

डाना बॉइड नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी तिकडच्या किशोरवयीन मुलांशी अनेक वर्षे बोलून २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की पोरांना यंत्राचे वेड नसते, त्यांना एकमेकांची ओढ असते. अमेरिकेतल्या मुलांना भेटण्याच्या जागा राहिल्या नव्हत्या. बाहेर धोका आहे म्हणून आईबाप सोडत नाहीत, बाजारात घोळका करून उभे राहिले तर रखवालदार हाकलतो, शाळा-शिकवणीतून वेळ उरत नाही. म्हणून ती पडद्यावर भेटतात. मोठ्यांना पडदा दिसतो, पलीकडचा मित्र दिसत नाही.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे पाहा. वस्तीशेजारच्या मैदानावर टॉवर उभे राहिले. समाजमंदिराला वर्षातून चार दिवस सोडले तर कुलूप असते आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरावे लागते. वाचनालयात दोन वर्तमानपत्रे आणि धूळ. कट्ट्यावर चार पोरे बसली तर पोलिसांची गाडी थांबते, आणि ती पोरे आपल्या वस्तीतली असतील तर जरा जास्तच वेळ थांबते. मुलींसाठी तर कट्टाही नाही. मुलगी कोपऱ्यावर मैत्रिणीशी दहा मिनिटे बोलत उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत घरी चार निरोप येतात. त्याच मुलीला मोबाइलवर मैत्रिणींचा एक गट मिळतो. तिथे ती हसते, रडते, अभ्यासाचे विचारते, न आवडलेल्या स्थळाविषयी सांगते. तिला विचारा 'त्यात काय आहे'. ती खरे बोलली तर म्हणेल, 'माझ्या मैत्रिणी आहेत.' आपण बाहेरचे एक-एक दार लावत गेलो आणि आता पोरे खिडकीतून का बोलतात म्हणून नवल करतो आहोत.

दुसरी गोष्ट मानाची. मोठ्यांना सर्वांत हास्यास्पद वाटते ते पोरांचे स्वतःचे फोटो काढणे. दिवसातून दहा फोटो, आरशासमोर, गाडीवर, पुतळ्यासमोर. 'स्वतःचंच थोबाड किती बघायचं?' असे आपण म्हणतो. पण जरा आपल्या घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत बघा. आजीचा फोटो किती जणांकडे आहे? कित्येक घरांत पणजोबांचा चेहरा कुणालाच माहीत नाही, कारण फोटो काढायला पैसे नव्हते आणि आपला फोटो काढण्याजोगा आहे असे त्यांना कुणी कधी वाटू दिले नव्हते. पाठ्यपुस्तकात आपला चेहरा नव्हता, सिनेमात असला तर मार खाणारा होता. अशा घरातला पोरगा निळा सदरा घालून, गॉगल लावून, छाती काढून स्वतःचा फोटो जगासमोर ठेवतो, तेव्हा त्यात हौस असतेच. पण 'मी आहे, मला पाहा' हे सांगणेही असते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी गुजरातचे उदाहरण आठवावे. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यावर तिथल्या दलित तरुणांनी काय केले? आपल्या व्हॉट्सॲपचा फोटो बदलला. पीळ दिलेल्या मिशा, त्याखाली मुकुट आणि 'मिस्टर दलित' ही अक्षरे. बघता बघता हे चित्र असंख्य मोबाइलवर झळकले. फोटो बदलणे हा पोरखेळ म्हणणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही. ज्याच्या मिशीवर बंदी आहे त्याला मात्र ते ताबडतोब कळते.

याची दुसरी बाजूही आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून वाद झाला आणि त्याला मारून टाकण्यात आले. मोबाइलमधला आवाज, फोटो, नाव या फालतू गोष्टी असत्या तर त्यावरून मुडदे पडले नसते. जातीवाद्यांना त्याची किंमत पुरती कळते. ती आपल्याच घरातल्या मोठ्यांना कळू नये, हे नवल आहे.

तिसरी गोष्ट बातमीची. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतरचे कित्येक दिवस मोठ्या वर्तमानपत्रांनी काय केले हे या वाचकांना सांगायला नको. कोपऱ्यात चार ओळी, त्याही अनैतिक संबंधांचा वास लावून. खरी हकीकत बाहेर आली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांतून, एसएमएसमधून, ई-मेलमधून आणि झेरॉक्सच्या दुकानातून. नोव्हेंबरमध्ये नागपूर-अमरावतीपासून लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे प्रस्थापित माध्यमांचे डोळे उघडले. कोंबडे झाकले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही हे खरे, पण तेव्हा तो उगवायला महिना लागला.

दहा वर्षांनंतर, ११ जुलै २०१६ रोजी, गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनी स्वतःच त्याचे चित्रीकरण करून पसरवले, आपली मर्दुमकी दाखवायला. तेच चित्रीकरण त्यांच्यावर उलटले. काही दिवसांत सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे आणून टाकली गेली आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादेहून उनापर्यंत पदयात्रा निघाली. पुढे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली. तेव्हा २ एप्रिलचा भारत बंद कुठल्याही एका मोठ्या पक्षाने पुकारलेला नव्हता. मोबाइलवरून निरोप फिरले आणि देश थांबला. त्या दिवशी काही राज्यांत आपली माणसे मारली गेली, हेही विसरता येणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले.

खैरलांजीला महिना लागला, उनाला काही दिवस आणि २ एप्रिलला तेवढेही लागले नाहीत. हा फरक कुणी घडवला? ज्या पोरांना आपण 'मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली' म्हणतो त्यांनीच.

म्हणून पोरे तिथे काय शोधतात याचे उत्तर अवघड नाही. ती सोबत शोधतात, मान शोधतात आणि आपल्या माणसांची खबर शोधतात. या तीनही गोष्टी आपल्या बापजाद्यांनी जलशात शोधल्या, जयंतीच्या मिरवणुकीत शोधल्या, गिरणीच्या फाटकावरच्या वर्तमानपत्राच्या जाहीर वाचनात शोधल्या. भूक तीच आहे, ताट बदलले आहे.

इथवर पोरांची बाजू घेतली. आता पोरांनीही ऐकले पाहिजे, कारण हे ताट वाढणारा कोण आहे याचा विचार ती करत नाहीत.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केले. त्यात त्यांनी देशातल्या वृत्तपत्रांवर कठोर टीका केली होती. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो धंदा झाला असून साबण तयार करण्यापेक्षा जास्त नैतिक जबाबदारी त्याला वाटत नाही, असा त्यांचा आशय होता. आज बाबासाहेब असते तर फेसबुक-इन्स्टाग्रामला त्यांनी वेगळे काय सुनावले असते? या कंपन्या आपल्याकडून पैसे घेत नाहीत म्हणून आपण त्यांना फुकट समजतो. त्या आपला वेळ घेतात आणि जाहिरातदाराला विकतात. जितका वेळ पोरगा पडद्याला चिकटेल तितका गल्ला जास्त. २००९ मध्ये फेसबुकने 'लाईक'चे बटण आणले ते माणसाला मान मिळावा म्हणून नव्हे. मानाची भूक लागलेला माणूस पुन्हा पुन्हा येऊन पाहतो, हे त्यांनी बरोबर हेरले. कितीही सरकवले तरी न संपणारे पान २००६ मध्ये तयार करणारा अझा रास्किन नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ पुढे स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करू लागला. पुस्तकाला शेवटचे पान असते, जलशाला पहाट असते. या पानाला शेवट ठेवलेलाच नाही. म्हणजे पोरांचा निग्रह कमी पडतो हे अर्धेच सत्य आहे. त्यांचा निग्रह मोडण्यासाठी पगारी, हुशार माणसे रात्रंदिवस बसलेली आहेत, हे उरलेले अर्धे.

२०२१ मध्ये फेसबुकच्याच माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर काढली आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली. अनेक किशोरवयीन मुलींचा स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे वाढतो, हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत आढळले होते. आपल्या मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. मोबाइलमधल्या 'फिल्टर'ने चेहरा गोरा होतो. काळ्या रंगाचा आणि जातीचा संबंध जोडून ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या हिणवले गेले, त्या समाजातली मुलगी फोटो टाकण्याआधी आपला रंग पुसते. 'मला पाहा' म्हणणारी मुलगी स्वतःला झाकू लागली तर त्याला मान म्हणायचे काय?

जात तर तिथे पाय घासून बाहेर थांबलेली नाही. पहिली नजर जाते ती आडनावावर. व्यावसायिक महाविद्यालयांतल्या गटांवर 'तुझी रँक किती?' असे सहज विचारल्यासारखे विचारतात आणि त्यातून प्रवेश कुठल्या कोट्यातला हे काढून घेतात. बाबासाहेबांचे चित्र लावलेल्या मुलीच्या खात्यावर कुठल्या शिव्या येतात त्या या पानावर छापता येणार नाहीत. आणि मालकाचे काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असता एका दलित कार्यकर्तीने त्यांना ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचे भित्तिचित्र भेट दिले आणि ते हातात धरलेला त्यांचा फोटो निघाला. वरून ओरड झाल्याबरोबर कंपनीने हात झटकले आणि कंपनीच्या कायदेविभागाच्या प्रमुखांनी माफी मागितली. अत्याचाराच्या बातम्यांना इतक्या घाईने माफी मागितल्याचे कुणाला आठवते का?

शिवाय जागा आपल्या मालकीची नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुटला कुलूप लावले. त्यावर जमलेले गट, वाद, मैत्री सगळे गेले. जाहीर गटांतला मजकूर काही वर्षे नुसता वाचण्यापुरता ठेवला होता, पुढे तोही काढला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. सीमेवरचा संघर्ष हे त्याचे कारण, त्याची चर्चा इथे नको. पण शेतात, विटभट्टीवर, पत्र्याच्या घरासमोर उभे राहून आपली कला दाखवणाऱ्या गावाकडच्या असंख्य पोरापोरींचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. दुसऱ्याच्या रानात पेरले की पीक कुणाचे, हे ज्यांचे आजोबा वाट्याने शेती करत होते त्यांना तरी समजायला हवे.

बाबासाहेबांना ते समजले होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'ने छापली नाही. त्यावर बाबासाहेब जागा मागत बसले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी स्वतःचे पाक्षिक काढले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. पैशाअभावी एक बंद पडले की दुसरे उभे केले. दुसऱ्याच्या व्यासपीठावर बोलायला त्यांची ना नव्हती. पण आपले म्हणणे साठवण्याची जागा आपली हवी, हा धडा त्यांनी घालून दिला.

आता पुन्हा मोठ्यांकडे येऊ. पोरांना नावे ठेवणारी ही पिढी आज मोबाइलपासून लांब आहे काय? मुळीच नाही. सकाळी सहाला फुलांचे चित्र आणि सुविचार पाठवणारे कोण आहेत? कुठल्याशा परदेशी संस्थेने अमुक जाहीर केले, तमुक पाल्याचा रस प्यायल्याने साखर उतरते, हे न तपासता चाळीस जणांना पाठवणारे कोण? पोरे त्याला हसतात आणि पुढे जातात. मोठे त्यावर विश्वास ठेवतात, कारण छापलेले अक्षर खरे असते या काळात ते वाढले आहेत.

हा विश्वास जीवघेणा ठरू शकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजारच्या दिवशी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. मेलेले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोट पाठीवर घेऊन फिरणारे भटके लोक. जमावात पोरसवदा असतीलही, पण अफवा खरी मानून ती पुढे ढकलणारे आणि काठ्या उगारणारे बापे होते. त्यानंतर कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे शहाणपण पाच मुडदे पडण्याआधी का सुचले नाही, हा प्रश्न कंपनीला विचारलाच पाहिजे. पण 'पोरांना यात काय दिसतं' म्हणणाऱ्यांनी आपल्याला त्यात काय दिसते, हेही स्वतःला विचारावे. पोरांना तिथे मित्र दिसतो. आपल्याला शेजारच्या गावचा भिक्षेकरी चोर दिसतो. जास्त बिघडलेले कोण?

मग करायचे काय? एक सोपा उपाय सगळ्यांनाच सुचतो, तो म्हणजे बंदी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा स्थळांवर खाते ठेवायला मनाई केली आहे. कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा कायदा म्हणून त्याकडे लक्ष ठेवले पाहिजे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण ज्या बापाला ते ॲप काय आहे हेच माहीत नाही, त्याच्या संमतीला अर्थ काय? सावकाराच्या कागदावर न वाचता उठवलेला अंगठा आणि मोबाइलवर न वाचता दाबलेले 'मान्य आहे' यात फरक तो काय? फरक पाडायचा असेल तर बापाने आधी वाचायला शिकले पाहिजे, आणि इथे शिकवणारा त्याचा पोरगाच आहे.

म्हणून पहिले काम मोठ्यांचे. पोराजवळ बसा आणि 'ठेव तो मोबाइल' म्हणण्याऐवजी 'मला दाखव' म्हणा. तो कुणाला ऐकतो, कुणाचे पाहतो, कुणाशी भांडतो, ते ऐका. मुलीला कुणी तिथे त्रास देत असेल तर ती आईला सांगू शकेल, एवढा विश्वास घरात असू द्या. त्रास सांगितला की मोबाइल काढून घेतला जातो, या भीतीने मुली गप्प बसतात आणि त्रास देणाऱ्याचे फावते.

दुसरे काम वस्तीचे. समाजमंदिराचे कुलूप काढा. रोज संध्याकाळी दोन तास दिवा लागेल, चार खुर्च्या आणि वर्तमानपत्रे असतील आणि मुलींनाही निर्धास्त बसता येईल, अशी एक खोली प्रत्येक वस्तीत उघडता येते. त्याला सरकारी अनुदान लागत नाही. भेटायला जागा मिळाली की पडद्यावरची गर्दी आपोआप थोडी कमी होईल. ती पूर्ण हटणार नाही आणि हटण्याची गरजही नाही.

तिसरे काम पोरांचे. तुम्ही मोबाइलवर लिहिता ते चांगलेच लिहिता. पण ते तिथेच ठेवू नका. गावातल्या अत्याचाराची माहिती, जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती, आजीच्या ओव्या, जयंतीचे जुने फोटो हे सगळे कंपनीच्या मर्जीवर सोडू नका. त्याची प्रत आपल्या संस्थेत, आपल्या ग्रंथालयात, कागदावर ठेवा. आणि निषेधाचा फोटो लावला म्हणजे निषेध झाला असे समजू नका. २ एप्रिलचा निरोप मोबाइलवर आला होता हे खरे, पण देश थांबला तो माणसे रस्त्यावर उतरली म्हणून. लाखभर लाईक मिळवलेल्या प्रकरणात साक्षीदार कोर्टात एकटाच उभा असेल, तर त्या लाखाचे मोल शून्य आहे. तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणारी पाच पोरे त्याहून मोलाची.

ज्या समाजाला शतकानुशतके लिहू-वाचू दिले नाही, त्या समाजाच्या प्रत्येक पोराच्या खिशात आज छापखाना आहे. तो कंपनीच्या जागेत आहे, त्यात कचराही पुष्कळ छापला जातो. म्हणून तो फेकून द्यायचा नसतो, चालवायला शिकायचे असते. पोरांना यंत्र चालवता येते, मोठ्यांना काय छापायचे याचा अनुभव आहे. दोघे एका बाकावर बसले तर या छापखान्यातून चळवळीचे काम होईल. पाठ फिरवून बसले तर मालकाचा गल्ला भरत राहील आणि आपण एकमेकांना विचारत राहू, 'एवढं आहे तरी काय त्यात?'